वाळूतली कोळीण बघायची कशी

न्यूझीलंडमध्ये जमिनीवर साप नाहीत, हे ऐकलं की आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा जीव भांड्यात पडतो. मग मी सांगते, विषारी कोळी मात्र आहे, आणि शनिवारी आपण तो बघायला जाणार आहोत. फेब्रुवारीत भाची आली होती. ती म्हणाली, "मावशी, विकतचं दुखणं म्हणतात ते हेच का?" शनिवारी मात्र तीच सगळ्यात आधी बूट घालून दारात उभी.

या कोळ्याचं नाव कातिपो. माओरी भाषेत, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, 'काकाती' म्हणजे डसणं आणि 'पो' म्हणजे रात्र. रात्री डसणारी. मी स्वतः पामर्स्टन नॉर्थच्या एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, म्हणून असेल, मला तिच्याबद्दल पहिल्यापासून जिव्हाळा वाटतो. मूळची इथलीच आणि माणसाला खरोखर त्रास होईल इतकी विषारी अशी कोळ्याची ही एकच जात. आमच्या घरात तिला कोळीणच म्हणतात. समुद्रकाठी राहते, जाळं टाकते, जाळ्यात आलेलं खाते, मग दुसरं काय म्हणायचं?

दर दुसऱ्या शनिवारी मी किनाऱ्यावर झाडं लावणाऱ्या एका गटाबरोबर जाते. त्याला आता सात वर्षं झाली. गटातल्या माणसांकडून जे शिकले आणि स्वतःच्या चुकांमुळे जे कळलं, ते इथे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. कातिपो शोधायला जाणारे दहातले आठ जण हात हलवत परत येतात, कारण ते कोळी शोधत असतात. कोळी शोधू नका. मोकळी वाळू शोधा.

कुठे आणि कधी

ती लाटांजवळ नसते. समुद्राकडे तोंड करून उभी असते ती वाळूची पहिली टेकडी ओलांडायची आणि तिच्या जमिनीकडच्या उतारावर यायचं. वारा तिथे अडलेला असतो आणि वादळाचं पाणी सहसा पोचत नाही. मी जाते तो हिमाटांगी आणि फॉक्सटनचा पट्टा, आमच्या गावापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. क्राइस्टचर्चच्या बाजूला राहत असाल तर काइटोरेते स्पिट हा गोट्यांचा आणि वाळूचा लांबलचक पट्टा आहे, तिथेही कातिपो आहे. दक्षिण बेटाच्या खालच्या टोकाकडे मात्र शोधून उपयोग नाही. अंडी वाढायला साधारण १७ अंशांच्या वर ऊब लागते आणि तिकडे ती पुरेशी मिळत नाही.

टेकडीवर चढायचं ते आखून दिलेल्या पायवाटेनेच. मध्येच घुसलात तर जिला बघायला आलात तिच्याच घरावर पाय पडायचा. दिवस कोरडा आणि बिनवाऱ्याचा निवडा. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर असे दिवस हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, पण वाऱ्यात गेलात तर वाळू डोळ्यांत जाते आणि जाळं दिसत नाही. महिने नोव्हेंबर ते मार्च, इथले उबेचे महिने. हिवाळ्यात हालचाल मंदावते, मग आपण नुसतेच गुडघे दुखवून घेतो.

सामान फार नको. बंद बूट, लांब पँट, बागकामाचे जाड हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी, गुडघ्याखाली घ्यायला जुन्या चटईचा तुकडा. आणि एक छोटा आरसा. दाताचे डॉक्टर वापरतात तसा लांब दांड्याचा मिळाला तर उत्तम. आरसा कशाला, ते पुढे येईलच. काडी, चिमटा, बरणी यांतलं काहीही नेऊ नका. ही जात २०१० पासून १९५३ च्या वन्यजीव कायद्याखाली पूर्ण संरक्षित आहे. मुद्दाम मारणं तर गुन्हा आहेच, परवानगीशिवाय पकडून घरी आणणंही चालत नाही. देशभरात मिळून काही हजारच उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. किवी पक्ष्यांच्या काही जातीसुद्धा यापेक्षा जास्त संख्येने आहेत.

आधी वाळू वाचा

उतारावर आलात की पाच मिनिटं नुसतं उभं राहा आणि गवत बघा. तीन प्रकारची गवतं दिसतील. सोनेरी-केशरी छटेचं, झुपक्याझुपक्याने उगवणारं ते पींगाओ, इथलं मूळचं. त्याची वाळलेली पानं खरोखर सोन्यासारखी दिसतात. माओरी बायका ती विणकामाला वापरतात. चंदेरी, लांब दोऱ्यांनी सरपटत जाणारं ते स्पिनिफेक्स, तेही इथलंच. आणि ताठ, हिरवट-करडं, गच्च उगवलेलं ते मॅरम. वाळू उडून जाऊ नये म्हणून हे गवत युरोपातून आणून लावलं. वाळू थांबली खरी, पण इतकी थांबली की मोकळी जागाच उरली नाही.

कोळिणीचं सगळं गणित या मोकळ्या जागेवर आहे. ती हवेत उडणारे किडे धरायला उंच जाळं बांधत नाही. तिचं गिऱ्हाईक जमिनीवरून चालतं: वाळूतले भुंगेरे, आणि पाय लागला की टुणकन उडणारे ते फिके वाळूकिडे. म्हणून तिला दोन झुपक्यांच्या मधली तळहाताएवढी तरी उघडी वाळू हवी असते. पींगाओत अशी जागा आपोआप राहते. गच्च मॅरममध्ये राहत नाही. मॅरम विरळ असेल, मध्ये एखादा ओंडका पडलेला असेल, तर तिथेही ती सापडते, आमच्या किनाऱ्यावर तर बरेचदा. पण गवताच्या भिंतीत शोधत बसू नका.

आता खाली बसा. चटई टाका, गुडघे टेका, डोकं इतकं खाली आणा की गाल वाळूला लागेल की काय असं वाटावं. सूर्य समोरून, तिरका येऊ द्या. वरून बघितलं तर जाळं दिसणारच नाही. खालून उजेडाच्या विरुद्ध बघितलं की झुपक्याच्या बुडाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक विस्कटलेला पसारा चमकतो. बागेतल्या कोळ्याच्या चाकासारखं नक्षीदार जाळं इथे मिळायचं नाही. कुणीतरी शिवणाच्या पेटीतला दोरा गुंतवून फेकून द्यावा तसं दिसतं ते.

पण त्या पसाऱ्याच्या खाली नीट बघा. काही धागे सरळ, ताणलेले, उभे वाळूत उतरलेले दिसतील, गाण्याच्या वाद्याच्या तारांसारखे. जमिनीला टेकतात त्या टोकाशी चिकट थेंब असतात, बॅटरी मारली तर मण्यांसारखे लुकलुकतात. हा खरा गळ. भुंगेरा चालत येतो, त्याचा पाय चिकटतो, तो ओढाताण करतो, आणि धागा जमिनीपासून सुटतो. ताण असल्यामुळे सुटलेला धागा भुंगेऱ्याला घेऊन वर उडतो. बिचारा अधांतरी लटकतो, पाय मारायलाही आधार नाही. तेवढ्यात ती वरून उतरते, पाठमोरी होते आणि मागच्या पायांनी त्याच्यावर चिकट रेशीम फेकायला लागते. चावा नंतर, भुंगेरा पुरता बांधला गेल्यावर. हे मी सात वर्षांत दोनदाच बघितलंय. दोन्ही वेळा रात्री, आणि दुसऱ्या वेळी इतका वेळ श्वास रोखून बसले होते की उठताना कंबर धरली.

ओंडका उचलताना

गवतात नाही सापडली तर वाहून आलेल्या लाकडांखाली बघायचं. भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर, वर्षानुवर्षं पडून असलेले, उन्हाने पांढरे पडलेले ओंडके ही तिची आवडती घरं. पाऊल बुडेल अशा ओल्या वाळूतला ओंडका सोडून द्या. कधी गंजलेल्या डब्यातसुद्धा असते, म्हणून किनारा साफ करायला गेलात तर डबा उचलण्याआधी आत बघा.

इथे माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी मी उत्साहाच्या भरात कंबरेत वाकून एक फळी सरळ वर उचलली आणि खाली काही नाही असं समजून तशीच धप्पकन सोडली. आमच्या गटातले एक माओरी काका शेजारीच होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फळी पुन्हा हळूच कलती केली आणि मला बोटाने दाखवलं. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, मळकट पांढरी पिशवी, अर्धी चेपलेली. त्यात सत्तर-ऐंशी अंडी असतात, हे त्यांनी नंतर, घरी निघताना सांगितलं. तेवढंच. मला अजूनही फळी म्हटलं की ती पिशवी आठवते.

तर रीत अशी. आधी ओंडक्याभोवती फिरून कडेला कुठे धागे दिसतात का ते बघा. जाळं बऱ्याचदा लाकडाच्या खालच्या अंगाला आणि वाळूला दोन्हीकडे बांधलेलं असतं, म्हणजे लाकूड उचललं की घराचं छप्परच उडालं. धागे दिसले तर उचलूच नका, आरसा आत सरकवा आणि बॅटरी मारा. दिसले नाहीत तर ओंडक्याच्या एका बाजूला गुडघे टेकून बसा, हातमोजे घाला, समोरची कड धरून आपल्याकडे कलती करा, म्हणजे तुमच्या आणि तिच्या मध्ये लाकूड राहील. चार बोटांएवढी फट पुरे. बघून झालं की त्याच खळग्यात, त्याच बाजूने, हळू खाली ठेवा. बोटं लाकडाखाली घालायची नाहीत, कडेवरच ठेवायची. संशोधकसुद्धा काइटोरेतेसारख्या ठिकाणी मुद्दाम लाकडी आडोसे मांडून ठेवतात आणि तिने घर केलं का ते अधूनमधून येऊन बघतात. तिला काय, आडोसा मिळाल्याशी मतलब.

आणि शेकोटीसाठी लाकडं हवी असतील तर खालच्या ओल्या वाळूतली घ्या. टेकडीवरची पांढरी लाकडं नेणारी मंडळी बघितली की माझा तोल जातो. उन्हाळ्यात दरवर्षी एकदा तरी कुणाशी तरी वाजतंच.

तीच आहे का?

फोटोत कातिपो कायम पाठीकडून दाखवतात. मखमली काळा, गोल मण्यासारखा पोटाचा भाग, मध्यातून खाली शेपटाकडे गेलेला लाल पट्टा आणि पट्ट्याला पांढरी किनार. हे डोक्यात ठेवून माणूस जातो आणि फसतो. कारण जाळ्यात ती उलटी लटकते: पोट आभाळाकडे, पाठ वाळूकडे. वरून तुम्हाला दिसतो तो पोटाखालचा लाल डाग, आणि प्रसिद्ध पट्टा खाली असतो. आरसा त्यासाठी. तो जाळ्याला न लावता वाळूवर सपाट सरकवा, की पट्टा आरशात उमटतो. भाचीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा तिच्या तोंडून नुसतं "अगंबाई" निघालं.

आकार ऐकून बरेच जण निराश होतात. धड मोठ्यात मोठं ८ मिलिमीटर, पाय पसरले तर ३० मिलिमीटरच्या आसपास. नर तिच्या सहाव्या हिश्शाएवढा, फिका पांढरा, काळ्या रेघा आणि नारिंगी ठिपके असलेला. पिल्लंही आधी अशीच फिकी असतात. म्हणून जाळ्याच्या कडेला काही पांढरट हललं तर ते पिल्लू असेल किंवा नवरदेव.

गोंधळ घालणारी दुसरीच आहे. दक्षिण आफ्रिकेतून आलेली खोटी कातिपो, स्टीटोडा कापेन्सिस. तीही काळी, गोल, तशाच जाळ्यात उलटी लटकणारी, आणि कधीकधी तिच्या पाठीवरही लालसर किंवा पिवळट खूण असते. पण पोटाखाली लाल डाग नसतो. डाग नाही म्हणजे ती नाही, तिथे वाद नको. आमच्या पट्ट्यात दहा जाळ्यांपैकी बहुतेक हिचीच निघतात. ती वर्षभर पिलावळ करते, वादळाने टेकडी धुऊन नेली तर आधी हीच परत येऊन बसते, आणि कातिपो येईतो चांगल्या जागा गेलेल्या असतात.

उत्तर बेटाच्या वरच्या भागात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. तिकडे कातिपो पूर्ण काळी असते, पट्ट्याशिवाय. पूर्वी तिला वेगळी जात मानायचे, २००८ मध्ये दोन्ही एकच ठरवल्या. म्हणजे पट्टा नाही म्हणून नाराज होऊ नका. ऑस्ट्रेलियाची रेडबॅकही नात्यातलीच. तीही इथे काही ठिकाणी येऊन स्थायिक झाली आहे, पण तिचा मुक्काम मुख्यतः दक्षिण बेटावरच्या सेंट्रल ओटागोच्या कोरड्या भागात, वाळूच्या टेकड्यांवर नाही. रेडबॅकची मादी नराला खाते, आपली कोळीण सहसा नवऱ्याला जाऊ देते. हे ऐकल्यावर आमच्या घरात एका माणसाने सुटकेचा निःश्वास टाकला होता.

तिचं वर्ष

कुठल्या महिन्यात काय दिसेल हे ठाऊक असलं की फेरी वाया जात नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नर जाळ्यावर येतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ती अंडी घालते. एकेक अंडं मोहरीच्या दाण्याएवढं, जांभळट लाल, आरपार दिसणारं. अशी सत्तर ते नव्वद अंडी एका गोल, सायीच्या रंगाच्या, सुमारे १२ मिलिमीटरच्या पिशवीत. तीन-चार आठवड्यांत ती अशा पाच-सहा पिशव्या करते, जाळ्याच्या मध्यावर टांगते आणि वर आणखी रेशीम चढवते. वाऱ्याने वाळू येऊन त्यांना चिकटते, म्हणून जानेवारीत त्या पिशव्या वाळूत घोळवलेल्या लाडवांसारख्या दिसतात. सहा आठवड्यांनी, जानेवारी-फेब्रुवारीत, पिल्लं बाहेर पडतात.

बघायला सगळ्यात छान काळ हाच, आणि सगळ्यात जपून राहायचा काळही हाच. एरवी ती भित्री आहे. धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन गोळी होते आणि खाली पडते, किंवा जाळ्याच्या बुडाच्या कोपऱ्यात सटकते. फारच सतावलं तर रेशीम फेकते. चावणं हा शेवटचा उपाय. पण शेजारी पिशवी असेल तर ती तिथून हलत नाही, आणि चावायला कचरतही नाही. पिशवी दिसली की फोटो एक, तोही लांबून, आणि पाऊल मागे.

चावलीच तर

चावते फक्त मादी. नराचे दात माणसाच्या कातडीला पुरत नाहीत. सुरुवातीला टाचणी टोचल्यासारखं वाटतं. नंतर, कधी तासाभरात, दुखणं वाढत वर चढतं. घाम सुटतो, पोटात मळमळतं, स्नायूंत गोळे येतात. साबणाने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, आणि दवाखाना गाठा. घट्ट पट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं तर अजिबात नाही. लहान मूल असेल, वयस्कर माणूस असेल किंवा श्वासाचा, छातीचा त्रास वाटला तर थेट १११, हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर. नुसता सल्ला हवा असेल तर विष-माहिती केंद्राचा ०८०० ७६४ ७६६ हा नंबर गाडीतच लिहून ठेवलेला बरा. रेडबॅकसाठी ऑस्ट्रेलियात १९५६ पासून जे प्रतिविष मिळतं, तेच इथेही कामाला येतं. गेल्या कित्येक दशकांत कातिपोमुळे कुणी दगावल्याची नोंद नाही.

गंमत म्हणून नाही, पण एक प्रसंग २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. कॅनडाच्या एका पर्यटकाने कपडे टेकडीवर काढून ठेवले, पोहून आला आणि तसाच उघडा झोपून गेला. कुठे चावली ते मी लिहीत नाही, तुम्ही ओळखा. बरा झाला.

फोटो आणि पुढचं

फोटो आय-नॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, टाकलात तर जागा झाकलेली ठेवा, नेमका ठिपका दाखवू नका. फ्लॅश चालतो, पण दहा वेळा नको. जाळ्यावर वाळू उडवून ते 'स्पष्ट' करणारे महाभाग मी बघितलेत. त्यांना पुन्हा सोबत नेत नाही.

एकदा सापडली की मग दरवेळी तीच शोधत बसावंसं वाटणार नाही. जून ते ऑगस्टमध्ये पींगाओची रोपं लावायला या. मॅरम आधीच मुळासकट काढलेलं असतं, वाळू गार असते, आणि दर रोपाभोवती सशांपासून बचावाला जाळी लावावी लागते, नाहीतर सकाळपर्यंत पानांची दाढी झालेली. रोपं फार जवळजवळ लावू नका. मधली उघडी वाळू ही चूक नाही, तीच जागा तिची. मी तीन हिवाळ्यांपूर्वी लावलेल्या एका झुपक्याखाली या जानेवारीत पोटावर लाल डाग असलेली एक होती. आरसा न्यायला मी विसरले होते, म्हणून पट्टा काही बघता आला नाही.

निघताना जॅकेट, टॉवेल, पिशवी, जे काही टेकडीवर टेकवलं असेल ते तिथेच, वाळूवर वाकून, सावकाश झटका. आणि बूट घालण्याआधी उलटे करून.